सात नंबरचा खांब

विरारला मी दोनदा गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा बरोबर पत्र्याची एक ट्रंक होती. तिच्यात मोजमापाची यंत्रं होती आणि वरच्या बाजूला शेंगाचटणीचे चार पुडे. दुसऱ्यांदा गेले तेव्हा हातात काहीच नव्हतं. काय न्यायचं तेच सुचेना. वाचणाऱ्याला बॅग भरावीशी वाटली पाहिजे असं प्रवासवर्णन लिहावं म्हणतात. माझ्याच्यानं ते होणार नाही, आधीच सांगून ठेवते.

सोलापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी प्रयोगशाळा सांभाळते. पंचवीस वर्षं झाली. माझ्या तोंडाच्या पट्ट्याला मुलं घाबरून असतात आणि माझ्या मापांवर प्राध्यापक विश्वासून. दुसरी गोष्ट मला फार सुखावायची, हे इथेच कबूल करते, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे.

मनवेलपाडा, पहिला दिवस

विरार पूर्वेला मनवेलपाड्यात इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत की एका घरातल्या फोडणीनं शेजारच्या घरातला माणूस शिंकतो. आमच्याकडे घराला अंगण नसलं तरी निदान रस्त्याला आभाळ असतं. इथे मान बरीच वर करावी लागते. मला ज्या इमारतीत जायचं होतं तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तळमजला आणि वर तीन मजले, सोळा बिऱ्हाडं. बांधणारा कधीच गायब झालेला, कागद अर्धे. भिंतींना भेगा, छताला ओल. इमारत धोकादायक ठरली तर सोळाही घरांनी बाहेर पडायचं होतं, आणि बाहेर पडून जायचं कुठे याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

सोसायटीचे सेक्रेटरी परबकाका. मूळचे सिंधुदुर्गातले, मुंबईत छापखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. आमचं कॉलेज अशा इमारतींवर अभ्यास करतंय हे त्यांनी कुठेतरी वाचलं आणि पत्रांमागून पत्रं पाठवून आम्हाला बोलावून घेतलं. अक्षर इतकं सुंदर की पहिलं पत्र मी नोटीस बोर्डावर लावलं होतं. माझा मुक्काम त्यांच्याच घरी, तळमजल्यावर होता.

चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, "मॅडम, एकच सांगा. रिकामी करायची की नाही?"

"आठवडाभर मोजू, मग सांगते."

"नक्की सांगा हां. 'कदाचित'वर सोळा बिऱ्हाडं हलत नाहीत."

काम काय आहे ते त्यांना समजावलं, तसंच इथेही सांगते. खांबांना छोट्या पांढऱ्या पेट्या चिकटवायच्या. खांब किती कलला, किती दबला, हे पेटी दर दहा मिनिटांनी मोबाइलच्या सिमवरून कळवते. दुसरीकडे तीच इमारत कॉम्प्युटरमध्ये गणितानं उभी करायची. इतकं ऊन, इतकं वजन असेल तर कुठला खांब किती दबायला हवा, ते ही गणितातली इमारत सांगते. दोघींचं जुळलं तर ठीक. फरक पडायला लागला तर खऱ्या इमारतीला कुठेतरी दुखतंय असं समजायचं.

परबकाकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे जुळी बहीणच की. मग ती कॉम्प्युटरातली पडली तर आमची पण पडेल?"

"उलटं आहे काकू. तुमची पडायच्या आत ती मला सांगेल."

हे वाक्य मी किती सहज बोलले!

सगळ्यात नाजूक होता सात नंबरचा खांब. तो नेमका काकूंच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या कोपऱ्यात होता. त्याच्यावरची डब्यांची फळी आणि दिनदर्शिका उतरवून मी पेटी बसवली आणि माझ्या प्रयोगशाळेतल्या आवाजात बजावलं, "हिला हात लावायचा नाही. पुसायचं नाही, फडकं टांगायचं नाही. हिच्याकडे नुसतं बघायचं."

काकूंनी शाळेतल्या मुलीसारखी मान हलवली. "नाही हो. देवासारखी ठेवीन."

पाण्याचा वार

तीन दिवस दोघी बहिणींचं काही केल्या जुळेना. गणितातली इमारत शांत, खरी मात्र एका सकाळी अचानक दबायची आणि पुढचे दोन दिवस हळूहळू सैलावायची. मी गणित तीनदा तपासलं, पेट्या बदलून पाहिल्या. जेवण गोड लागेना. काकूंनी ओल्या काजूची नाही तरी सुक्या काजूची उसळ केली होती, तीही मी आकडे बघत गिळली.

चौथ्या दिवशी सकाळी इमारत पुन्हा दबायला लागली, त्याच वेळी नळाचा आवाज आला आणि वरच्या मजल्यांवर भांड्यांचा खणखणाट सुरू झाला. मी लॅपटॉप तसाच टाकून जिना चढले. दुसऱ्या मजल्यावर एका घराचं दार उघडं होतं. आत पलंगाखाली, पडद्यामागे, न्हाणीत, बाल्कनीत पिंपंच पिंपं. निळी, काळी, एकावर एक. घरातली बाई मला बघून पाइप हातात तसाच धरून उभी राहिली. आमच्या पहिल्या पाहणीच्या दिवशी यातलं एकही पिंप दिसलं नव्हतं. नंतर कळलं की कुणीतरी कंडी पिकवली होती, कॉलेजची माणसं जादा वजन ठेवणाऱ्यांची नावं लिहून नेणार. सोळाही घरांनी पिंपं रिकामी करून गच्चीवरच्या खोलीत दडवली होती.

मला हसू आलं. मी सोलापूरची! नळाला पाणी येणं हा आमच्याकडे सणच असतो. माझी आई लोटीभांडं, बरणी, सगळं भरून ठेवायची, आणि मीच गणितात पाणी धरायला विसरले. दिवसभर घरोघर फिरून पिंपं मोजली आणि त्यांचं वजन गणितातल्या इमारतीत भरलं. दोघींच्या रेषा एकमेकींवर अशा बसल्या की मी टाळी वाजवली. काकांनी पेढे आणले.

त्या दिवशी मी एक धडा शिकले आणि तो चुकीचा होता. मला वाटलं, इमारत विचित्र वागली तर कारण इमारतीत शोधायचं नाही, घरातल्या माणसांच्या सवयीत शोधायचं.

कळंब

रविवारी काकू म्हणाल्या, "आज यंत्रांना राहू द्या एकटं, चला." इमारतीत मासळी विकायला येणारी हिराबाई कळंबची. तिनं आम्हाला जेवायला बोलावलं होतं. समुद्राकाठची सुरूची झाडं, वाळत घातलेले बोंबील, मुंबईकरांसाठी बांधलेली रंगीत कॉटेजं आणि त्यांच्यामागे कोळ्यांची खरी घरं. हिराबाईनं ओले बोंबील तळले होते, सोबत तांदळाची भाकरी. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माझ्या हाताला ती भाकरी फार लेची वाटली, पण बोंबलाबरोबर चार कधी संपल्या कळलं नाही. नंतरच्या मांदेलीचा काटा मात्र घशात अडकला. डोळ्यांत पाणी आलं. हिराबाईनं वसईचं केळं सोलून तोंडात कोंबलं आणि पाठीत असा दणका घातला की काटा आणि माझा मोठेपणा दोन्ही खाली उतरले.

जेवण झाल्यावर तिनं जुन्या घराची जागा दाखवली. तिथे आता वाळू होती.

"समुद्रानं पाडलं?" मी विचारलं.

"पाडायला कोन थांबतंय? पानी ओटीला लागला ना, त्याच दिवशी आमी सामान काढला. घर महिन्यान पडला."

"पण नक्की पडणार हे कुणी सांगितलं होतं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं ते विचारायलाच नको होतं. "कोन सांगनार? पानी दिसत होता ना."

काकू येताना रिक्षात म्हणाल्या, "त्यांचं बरं आहे, मागे जायला जागा आहे." मी मनात म्हटलं, हिराबाईला मोजमाप माहीत नाही. परतल्यावर तिचं 'पानी दिसत होता ना' हे वाक्य मला वहीत लिहून ठेवावंसंही वाटलं नव्हतं.

निघताना

पितृपक्ष संपत आला होता. नवव्या दिवशी सोसायटीची माणसं परबांच्या बाहेरच्या खोलीत दाटीवाटीनं बसली. मी रेषा दाखवल्या. सात नंबरचा खांब आजारी आहे, त्याला आधार द्यावा लागेल, त्याची यादी मी सोलापूरहून पाठवीन. पिंपं कमी करा, तळमजल्यावर ठेवा. पण प्रश्न अजून तोच होता, रिकामी करायची की नाही.

तिसऱ्या मजल्यावरची राणे नावाची तरुण बाई म्हणाली, "मॅडम, माझा भाऊ नालासोपाऱ्याला असतो. एक खोली देतोय. आम्ही जाऊ का? नीट सांगा."

मी म्हणाले, "आज लगेच धोका दिसत नाही. पेट्या इथेच राहतील, मी रोज बघत राहीन. काही हललं तर मी स्वतः फोन करीन."

त्यांचे चेहरे सैल झाले. काकांनी मला सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, पुडी दिली आणि रिक्षापर्यंत ट्रंक स्वतः उचलून आणली, मी नको नको म्हणत असताना.

सोलापूर, खंडेनवमी

हा भाग प्रवासाचा नाही, पण हा गाळला तर बाकीच्याला अर्थ नाही.

खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा असते. दाब देणारं मोठं यंत्र, वजनकाटे, लॅपटॉप, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचा हार. त्या सकाळी लॅपटॉपला हार घालताना पडद्यावर दिसलं, सात नंबरच्या पेटीची रेषा नऊच्या सुमारास टुणकन उडाली होती आणि वरच राहिली होती. कललं आणि दबलं, दोन्ही. वरच्या मजल्यावरच्या पेटीतही किंचित हललं होतं.

मी पडद्यावरच्या रेषेकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या हाराकडे. आणि हसले. "देवासारखी ठेवीन" म्हणाल्या होत्या ना!

तरी दिलेल्या शब्दाप्रमाणे फोन केला. काकूंनी उचलला. मागे घंटा वाजत होती.

"काकू, पेटीची पूजा केली का आज?"

"केली ना! फुलं वाहिली, हळदकुंकू वाहिलं. ह्यांनी फोटो पण पाठवलाय तुम्हाला. बघितलात?"

त्या दिवशी माझ्या फोनवर सणाच्या शुभेच्छांचा पूर आला होता. आपट्याची पानं, सोन्याची पानं, देवीचे फोटो. काकांचा फोटोही त्यात कुठेतरी होता, मी उघडला नव्हता. पण सणाच्या दिवशी कुणाला नाही म्हणायचं जिवावर येतं.

"बघितला. छान आहे," मी म्हणाले.

काकू जरा थांबल्या. "छान आहे ना? बरं बरं. सांगते ह्यांना."

मी वहीत लिहिलं, 'पूजेमुळे अडथळा, पेटी हलली.' नव्या जागेला शून्य धरलं, गणित पुन्हा बसवलं. वरच्या पेटीलाही हार घातला असेल असं गृहीत धरलं. दोघी बहिणी पुन्हा छान जुळल्या. जुळणारच, मीच जुळवल्या होत्या.

कोजागिरीला दुपारी तीनला सगळ्या पेट्यांच्या रेषा एकदम थांबल्या. मला वाटलं सिमचं रिचार्ज संपलं. चहा पिऊन आले. मग टीव्हीवर मनवेलपाडा हे नाव ऐकलं.

मनवेलपाडा, दुसऱ्यांदा

तिसऱ्या दिवशी पोचले. ती गल्ली मला ओळखूच येईना, कारण आता तिथे आभाळ दिसत होतं. इमारतीचा मागचा अर्धा भाग, सात नंबरच्या बाजूचा, खाली बसला होता. पुढचा अर्धा उभा होता आणि त्याच्या उघड्या पडलेल्या खोल्यांत कुणाची दिनदर्शिका, कुणाचा पंखा तसाच होता. ढिगाऱ्यात निळ्या पिंपांचे तुकडे. चौघं गेली. परबकाका, तिसऱ्या मजल्यावरची राणे बाई आणि तिचे सासूसासरे. रात्री गच्चीवर दूध आटवायचं ठरलं होतं. काकू दूध आणायला बाहेर पडल्या होत्या म्हणून वाचल्या.

वाचलेल्यांना पालिकेच्या एका शाळेत ठेवलं होतं. काकू बाकावर बसल्या होत्या. मला वाटलं अंगावर धावून येतील, निदान तोंड फिरवतील. मला ते हवं होतं. त्यांनी माझ्यासाठी बाकावर सरकून जागा केली.

मी बसले आणि विचारलं, कारण गेले तीन दिवस माझा जीव त्या एकाच आशेवर लोंबकळत होता. पेटी खरंच हलली असेल तर माझी नोंद तरी खरी होती.

"काकू, खंडेनवमीला फुलं वाहिली, तेव्हा पेटी हलली होती का हो थोडी?"

"पेटी?" त्यांनी नवलानं पाहिलं. "पेटीला कुणी हात लावला? तुम्ही सांगितलं होतं ना, नुसतं बघायचं. मी खाली पाट मांडला, फुलं पाटावर. हळदकुंकू पण पाटावरच. लांबूनच नमस्कार केला."

"आणि वरच्या मजल्यावर?"

"त्यांनी तर पेटीसमोर पडदासुद्धा ओढून घेतला होता. फुलं उडून लागतील म्हणून."

मी फोन काढला. शुभेच्छांच्या ढिगात खाली खाली जाऊन काकांचा फोटो उघडला. पाट, पाटावर झेंडू, बाजूला समई. मागे सात नंबरचा खांब, त्यावर माझी पांढरी पेटी, कोरी, कुंकवाचा ठिपकासुद्धा नसलेली. आणि पेटीच्या वीतभर खाली, खांबाला आडवी, ताजी काळी भेग. दिवा टेकवून, ती नीट दिसेल असा फोटो काढला होता. खाली त्या सुंदर अक्षराच्या माणसानं लिहिलं होतं, 'खंडेनवमीच्या शुभेच्छा.' बाकी एक अक्षर नाही.

"भेग सकाळी नऊला पडली," काकू म्हणाल्या. "आवाज झाला. वाटाणा फुटल्यासारखा. मी म्हटलं मॅडमना फोन करून सांगा. तर हे म्हणाले, सणासुदीच्या दिवशी सकाळी सकाळी असलं अभद्र कसं बोलायचं? फोटो पाठवू, त्यांच्या नजरेतून थोडंच सुटणार आहे?"

मला म्हणायचं होतं की मी तो बघितलाच नाही. ते सांगितलंच पाहिजे होतं, म्हणून सांगितलं. "काकू, मी फोटो उघडलाच नव्हता. खोटं बोलले. न बघताच छान म्हणाले."

त्या रडल्या नाहीत. ओच्यातला रुमाल काढून मलाच दिला. शाळेच्या अंगणात कुणाचं तरी मूल नळाखाली बादली भरत होतं, त्या तिकडे बघत राहिल्या.

"राणे बाईंनी बॅगा भरल्या होत्या हो," त्या हळूच म्हणाल्या. "भेग बघून घाबरली पोर. दसऱ्याला सोनं वाटून भावाकडे जाणार होती. ह्यांनी जिन्यात अडवलं तिला. म्हणाले, कशाला पळतेस, मॅडमनी फोटो बघितलाय. छान आहे म्हणाल्या."